दुसऱ्यांदा हात ठेवला तेव्हा



यावेळी एका व्हिडिओ गेमविषयी लिहितो आहे. काहींच्या कपाळावर आठी पडेल, पडू द्या. 'डार्क सोल्स' हे त्याचं नाव. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने तो २०११ साली काढला, हिदेताका मियाझाकी त्याचे दिग्दर्शक. तलवारी, ढाली, राक्षस, पडके किल्ले असा सगळा मामला. मी तो चार वेळा शेवटपर्यंत खेळलो. पहिल्यांदा निव्वळ जिद्दीने. प्रेम जडलं ते पुढे, तिसऱ्या खेपेच्या आसपास. त्या प्रेमाचा आपल्या धर्मशिक्षणाशी संबंध आहे असं माझं मत आहे.

न खेळलेल्यांसाठी थोडं सांगतो. या खेळात माणूस सारखा मरतो. शत्रूंना मारून मिळणारे 'आत्मे' ही तिथली कमाई (आत्मा हे चलन, ही कल्पना मला आजही खटकते). मेलात की ती सगळी जागेवरच पडून राहते. पुन्हा तिथवर पोचलात तर परत मिळते, वाटेत पुन्हा मेलात तर कायमची गेली. अधूनमधून शेकोट्या आहेत. तिथे बसलं की जखमा भरतात, औषधाची कुपी भरते, आणि तुम्ही मारलेले जवळजवळ सगळे शत्रूही पुन्हा उभे राहतात. नकाशा नाही. मध्येच थांबवायची सोय नाही, दाराची बेल वाजली तरी.

याच कंपनीचा आधीचा खेळ 'डीमन्स सोल्स', २००९ सालचा. सोनीचे त्यावेळचे बडे अधिकारी शुहेई योशिदा यांनी तो बाजारात येण्याआधी सुमारे दोन तास खेळून पाहिला. सुरुवातीच्या पुढे ते सरकलेच नाहीत, आणि खेळ अगदी भिकार आहे असं त्यांचं मत झालं. हे त्यांनीच नंतर सांगितलं आहे. सोनीने तो अमेरिकेत काढला नाही, तिथे तो ॲटलसने काढला. मला योशिदांना हसावंसं वाटत नाही. दोन तासांत जे दिसतं ते त्यांनी पाहिलं. 'डार्क सोल्स'मध्ये पहिल्या खेपेला मलाही तेवढंच दिसलं होतं: अंधार, पडझड आणि माझं प्रेत.

आता त्यातल्या एका सरदाराची गोष्ट. खेळ सुरू होतो तेव्हा तुम्ही एका कोठडीत कैद असता. छताच्या भोकातून कुणीतरी चिलखत घातलेला माणूस एक प्रेत खाली टाकतो, त्यापाशी कोठडीची किल्ली असते. थोड्या वेळाने तोच सरदार एका भिंतीपलीकडे मरायला टेकलेला भेटतो. देवांच्या नगरीकडे जाऊन घंटा वाजवायची ही त्याची कामगिरी, ती तो तुमच्यावर सोपवतो. स्वतःची कुपी देतो. आणि लवकर निघ म्हणतो, कारण मेल्यावर आपल्या हातून तुला इजा होऊ नये अशी त्याची इच्छा असते. पहिल्या खेपेला मी किल्ली घेतली, कुपी घेतली, निघालो. पुढच्या साठेक तासांत त्याची आठवणसुद्धा झाली नाही.

दुसऱ्या खेपेत कळलं की त्या तुरुंगात परत जाता येतं. एका मोठ्या पक्ष्याच्या घरट्यात अंग चोरून बसायचं, मग तो उचलून नेतो. तिथे सरदार अजून होता. ओळख पुसलेला, डोळे विझलेले, तलवार उपसून माझ्यावर धावून येणारा. त्याला जी भीती होती तेच झालं होतं, आणि माझ्या कमरेला त्याचीच कुपी होती. ती तेव्हाही भरत होती, जखमा बऱ्या करत होती. मला संत ऑगस्टीन आणि दोनातुस पंथीयांचा वाद आठवला. देणारा माणूस कसा आहे यावर संस्काराची कृपा अवलंबून नसते, हे ऑगस्टीनने त्यांना ठासून सांगितलं होतं. वर्गात हा मुद्दा मी कितीदा शिकवला असेन. ज्यांनी आपल्याला क्रुसाची खूण शिकवली, त्यांच्यातले काही आज चर्चची पायरी चढत नाहीत. त्यांचा विचार मी त्या रात्री केला, आणि जपमाळेत त्यांची नावं घेतली.

तिसऱ्या खेपेला सरदाराने कुपी पुढे केली तेव्हा हात लगेच गेला नाही. खेळात काहीच बदललं नव्हतं, संवाद तेच होते.

मार्कच्या शुभवर्तमानात आठव्या अध्यायात बेथसैदाचा आंधळा आहे. प्रभू त्याच्यावर हात ठेवतो, विचारतो, काही दिसतं का? त्याला माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. मग प्रभू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा स्वच्छ दिसतं. चार शुभवर्तमानांपैकी ही गोष्ट फक्त मार्कमध्ये आहे. प्रभूला एकदाच हात ठेवून भागलं नसतं का? भागलं असतं. पण त्याने दोनदा ठेवला, आणि पहिल्या वेळी झाडं दिसली म्हणून आंधळ्याला बोल लावला नाही. संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधने'त दुसऱ्या आठवड्यात दिवसाच्या पाच प्रार्थनांपैकी दोनच नव्या असतात, पुढच्या त्यांवरच्या. जिथे समाधान वाटलं किंवा मन कोरडं पडलं, नेमकं तिथेच परत जा असं ते सांगतात.

आपल्या वर्गांत मात्र मुलं कंटाळतील या धास्तीने दर रविवारी नवं काहीतरी आणायचं. चित्रफीत, कोडी, नाटुकली, स्पर्धा. तरी दृढीकरणाच्या वर्गातली मुलं म्हणतातच, "सर, तेच तेच." हीच मुलं मोबाइलवर एकच पातळी रात्री बारापर्यंत चाळीस वेळा खेळतात. तिथे त्यांना ठाऊक असतं की एकेचाळिसाव्या वेळी काही नवं दिसेल. आपल्याकडे तसं दिसेपर्यंत आपण थांबतच नाही, पुढचा धडा काढतो. मग दृढीकरण झालं की निम्मी मुलं दिसेनाशी होतात, आणि संस्काराचा निरोपसमारंभ झाला म्हणून आपणच विनोद करतो. मला तो विनोद आता आवडत नाही.

खेळाची भलामण करताना एक सांगितलं पाहिजे. त्याचं जग ख्रिस्ती नाही. तिथे मेल्यावर पुन्हा उठणं हा शाप आहे. शेवटी विझत्या अग्नीत स्वतःला जाळून घ्यायचं किंवा पाठ फिरवून अंधार होऊ द्यायचा, एवढेच रस्ते. ज्या भागात पहिली घंटा आहे त्याचं नाव 'अनडेड पॅरिश', म्हणजे मेलेपण न लाभलेल्यांचा धर्मग्राम (मिस्साला उशिरा येणाऱ्यांनी मनावर घेऊ नये). शिवाय युरोपात तो १६ वर्षांखालच्यांसाठी नाही असं ठरवलेलं आहे, तेव्हा लहानांच्या हाती देऊ नका.

तरी त्या अंधारातही मदत येते, ती अनोळखी माणसांकडून. इतर खेळाडू जमिनीवर खुणा लिहून ठेवतात: पुढे सावध, इथे खजिना. आपल्या मनाचे शब्द वापरता येत नाहीत, ठरावीक यादीतूनच निवडायचे. त्यामुळे लिहिणाऱ्याची भाषा न येणाऱ्यालाही खूण कळते. आमच्या बेळगावात हे वेगळं समजवायला नको. शेजारच्या बाकावरच्या आजी कोंकणीत जपमाळ म्हणतात, मागे कोणी कन्नडमध्ये, मी मराठीत, आणि कुठल्या मण्यावर कोण आहे ते सगळ्यांना कळतं. शब्द ठरलेले आहेत म्हणूनच.

माझी सूचना अशी आहे. दृढीकरणाच्या वर्गात चार रविवार एकच उतारा घ्यायचा, मार्क अध्याय ८, वचने २२ ते २६. काही पालकांनी विचारलं की अभ्यासक्रम कसा पूर्ण होणार. दोन धडे राहतील. राहू देत, माझी तयारी आहे. पहिल्या रविवारी मुलांना झाडं दिसली तर झाडं म्हणूनच वहीत लिहायचं, कुणी दुरुस्त करायचं नाही. धर्मगुरूंनी होकार दिला आहे. येत्या रविवारी मराठी मिस्सानंतर सुरुवात करतो आहोत. पालकांनी मागच्या बाकांवर बसायला हरकत नाही, फक्त चारही रविवार यावं.