मापात पाप नको, खाद्यातही नको

कोंबडीच्या धंद्यातील आमचे बांधव रोज सकाळी जिवंत पक्ष्याचा दर विचारतात. त्या पक्ष्याने काय खाल्ले, हे मात्र कोणी विचारीत नाही. आमच्या मते दुकानदाराच्या तोट्याचे एक मूळ तिथेच आहे.

हॉटेलची किंवा वलीम्याची ऑर्डर आदल्या रात्री कापून फ्रीजमध्ये ठेवावी, तर सकाळी भांड्याच्या तळाशी तांबूस पाणी साचलेले दिसते. तेवढे वजन घटते आणि गिऱ्हाईक म्हणते, पाणी मारले! याला उन्हातली वाहतूक व पक्ष्यावरील ताण कारणीभूत असतोच. पण खाद्यातील सेलेनियमची कमतरताही असू शकते. हे खनिज 'ई' जीवनसत्त्वाच्या जोडीने मांसाच्या पेशींचे आवरण शाबूत राखते. यीस्टपासून केलेले सेंद्रिय सेलेनियम दिल्यास पाणी कमी सुटते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

दुसरी गोष्ट हाडांची. मका आणि सोयापेंडीतील बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो. तो कोंबडीला नीट पचत नाही. त्यासाठी खाद्यात डीसीपी किंवा फायटेज घालावे लागते. काही पोल्ट्रीवाले खर्च वाचवण्यासाठी नुसती चुनखडीची भुकटी वाढवतात. त्याने कॅल्शियम वाढते, फॉस्फरस नाही. उलट फॉस्फरस आणि जस्त शोषले जाण्यात अडथळा येतो. हाडे ठिसूळ होतात. पकडताना पंख, तंगड्या मोडतात, रक्त साकळते आणि तो भाग दुकानदाराला फेकावा लागतो. बचत एकाची, भुर्दंड दुसऱ्याला!

मात्र जास्त घातले म्हणजे चांगले, असेही नाही. ब्रॉयलरची सेलेनियमची गरज किलोभर खाद्यात ०.१५ मिलिग्रॅम, अशी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली नमूद केली आहे. प्रमाण फार वाढले तर तेच विष ठरते. म्हणून हे काम अंदाजे मुठीने करण्याचे नव्हे. पोल्ट्री खाद्यासाठी आयएस १३७४ हे भारतीय मानक आहे. त्याबरहुकूम तयार मिश्रण घ्यावे.

आमची सूचना एवढीच: दुकानदारांनी एकजुटीने पोल्ट्रीवाल्याला खाद्याच्या पिशवीवरील तपशील मागावा आणि चांगल्या मालाला चार पैसे जास्त द्यावेत. कुरआनने हलालबरोबर तय्यब, म्हणजे स्वच्छ व उत्तम, असेही म्हटले आहे. सुरी फिरवताना आपण पहिल्या शब्दाची काळजी घेतो. दुसऱ्याची काळजी पक्षी पिल्लू असल्यापासूनच घ्यावी लागते.