बॅरन बेटावरील उद्रेक आणि जमिनीची अविरत कंपने

अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर सप्टेंबर २०२५ मध्ये १३ आणि २० तारखेला ज्वालामुखीचे दोन लहान उद्रेक झाले. श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटरवर असलेल्या या बेटावर मनुष्यवस्ती नाही. तथापि, भारतातील या एकमेव जागृत ज्वालामुखीच्या अंतरंगातील हालचाल उद्रेकापूर्वी कळू शकेल काय, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा पुढे आला आहे.

जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना सागरतळाचे नमुने गोळा करीत असताना येथील उद्रेक दिसला. २०२५ मधील दृश्ये नौदलाच्या जहाजावरून टिपली गेली. उपग्रहही उष्णता आणि धूर नोंदवतात; पण धूर दिसतो तेव्हा उद्रेक सुरू झालेला असतो.

भूकंपाचे भाकीत आजही शक्य नाही. जयपूरला २१ जुलै २०२३ च्या पहाटे अर्ध्या तासाच्या आत बसलेले तीन धक्के असेच अचानक आले होते. ज्वालामुखीची गोष्ट काहीशी वेगळी आहे. शिलारस वर चढू लागला की डोंगर किंचित फुगतो, खडकांतील भेगा रुंदावतात आणि त्यांतून जाणाऱ्या लहरी मंदावतात. हा बदल मोजण्यासाठी भूकंपाची वाट पाहावी लागत नाही. सागरलाटांमुळे जमीन अहोरात्र सूक्ष्म थरथरत असते. दोन भूकंपमापकांवरील या थरथरीच्या दीर्घ नोंदी परस्परांशी ताडल्या, की एका केंद्रापासून दुसऱ्यापर्यंत लहर किती वेळात पोहोचते हे कळते.

हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर फ्लोरां ब्रेंगिए आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत वापरली. तेथील पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखीत उद्रेकाच्या काही दिवस आधी लहरींचा वेग अत्यल्प, फार तर एक हजारांश, घटल्याचे त्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले. ज्या भूगर्भीय स्रोतातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे पठार घडले, त्याच्यावरच आज हे बेट असल्याचे मानले जाते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. पाऊस आणि भूजल यांमुळेही लहरींचा वेग बदलतो; शिवाय वेग घटला म्हणजे उद्रेक होणारच, असे नाही. म्हणून जमिनीचा फुगवटा आणि वायूंचे उत्सर्जन यांच्या नोंदींची जोड आवश्यक ठरते.

बेट निर्जन असले तरी धोका बेटापुरताच राहील, असे गृहीत धरता येत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये इंडोनेशियातील अनाक क्राकाताऊचा उतार समुद्रात कोसळून आलेल्या त्सुनामीत चारशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. मोठ्या भूकंपाविना आलेल्या त्या लाटेचा इशारा वेळेवर मिळाला नाही. हैदराबादेत २००७ पासून कार्यरत असलेल्या भारतीय त्सुनामी इशारा केंद्राचा मुख्य आधारही समुद्राखालील भूकंप हाच आहे. धगधगत्या बेटावर उपकरणे अखंड चालू ठेवणे सोपे नाही. परंतु बॅरन बेटाभोवतीचा समुद्र आवश्यक ती कंपने रोजच पुरवीत आहे. ती सातत्याने नोंदविण्याची व्यवस्था ही अंदमानच्या सुरक्षिततेसाठी केलेली तरतूद ठरेल.