प्रमाणपत्र कंत्राटदाराला, पहारा जवानाला

नवी दिल्लीतील रामकृष्णपुरम येथे संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय आहे. माजी सैनिकांच्या सुरक्षा संस्थांची नोंदणी करून सार्वजनिक उद्योगांकडे त्यांची शिफारस करणे, हे या कार्यालयाच्या कामांपैकी एक. दरवर्षी सुमारे ६०,००० सैनिक सेवेतून मुक्त होतात. त्यांतील बहुसंख्य चाळिशीच्या आसपासचे असतात. मुलांची शिक्षणे अजून व्हायची असतात. त्यांना काम मिळवून देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

प्रश्न आहे तो या योजनेतून कोणाला काय मिळते, हा. निवृत्त अधिकाऱ्याला स्वयंरोजगार आणि निवृत्त जवानाला नोकरी, अशी तिची मुळातच मांडणी आहे. पहिला कंत्राटदार होतो, दुसरा त्याचा पहारेकरी. पहारेकऱ्याच्या वेतनाला केंद्रीय किमान वेतनाचा आधार आहे. संस्थेला त्यावर १४ टक्के सेवाशुल्क मिळते. खासगी ठेकेदारांच्या बेबंद लुटीपेक्षा ही चौकट बरी, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु उद्योगाच्या फाटकावरचा पहारा हे हंगामी काम नव्हे. उद्योग चालू आहे तोवर ते काम आहे. कायम कामावर कंत्राटी माणूस ठेवण्याच्या प्रथेलाच येथे सैनिक कल्याणाचे नाव मिळाले आहे. कंत्राट संपले की जवानाची भाकरी पुन्हा टांगणीला लागते.

अमेरिकेतही याहून वेगळे चित्र नाही. तेथे १ जानेवारी २०२३ पासून माजी सैनिकांच्या लघुउद्योगांना प्रमाणपत्र देण्याचे काम लघुउद्योग प्रशासनाकडे आले. किमान ५१ टक्के मालकी माजी सैनिकाची आहे काय, हे तेथे काटेकोरपणे तपासले जाते. कसोटी मालकीची आहे. राबणाऱ्याचा हक्क तिच्या कक्षेत येत नाही.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने हा प्रश्न अधिक तीव्र केला आहे. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर सैन्यात कायम होतील. उरलेल्यांना निवृत्तिवेतनही नाही. दिल्ली, गुरुग्राम, नोएडाच्या फाटकांवर मिळेल त्या पगारात उभे राहणाऱ्या तरुणांची रांग त्यामुळे वाढणार, हे उघड आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. सार्वजनिक उद्योगांतील कायम स्वरूपाच्या पहाऱ्याच्या जागा कायम कराव्यात आणि त्यांवर माजी सैनिकांची थेट भरती करावी. जेथे कंत्राट अपरिहार्य असेल तेथे जवानांच्या सहकारी संस्थांना प्रथम मान द्यावा. सेवाशुल्काचे उत्पन्न मग पहारा देणाऱ्यांच्याच हाती राहील. कामगार संघटनांनीही वर्दीतला पहारेकरी हा आपलाच कामगार आहे हे ओळखून त्याला सभासद करून घेतले पाहिजे.