आम्लारीचा भरवसा आणि गंधक

पोलाद आम्लात विरघळतं आणि आम्लारीत टिकतं, हे कारखान्यात नव्याने लागलेल्या शिकाऊ कामगारालाही ठाऊक असतं. ते खरंही आहे. काँक्रीटमधल्या सळया वर्षानुवर्षं शाबूत राहतात, त्या आतल्या ओलाव्याचा सामू १२.५ च्या आसपास किंवा त्याहून वर असतो म्हणून. तेवढ्या आम्लारीत लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो आणि पुढचा गंज जवळजवळ थांबतो. थंड कॉस्टिक सोड्याच्या टाक्या साध्या कार्बन पोलादाच्या बनवतात, त्या याच भरवशावर. त्यात गंधकाची संयुगं मिसळली की हिशेब बदलतो. आपल्याकडे हे पुस्तकात शिकवतात, पण देखभालीच्या वहीत क्वचितच उतरतं.

कागद गिरण्यांचं उदाहरण घ्यावं. जर्मन रसायनज्ञ कार्ल डाल याने १८७९ मध्ये महागड्या सोड्याऐवजी सोडियम सल्फेट वापरून पाहिलं. भट्टीत त्याचं सल्फाइड झालं आणि त्या द्रावणात शिजलेला लगदा आधीपेक्षा मजबूत निघाला. आज जगातला बहुतेक रासायनिक लगदा याच क्राफ्ट पद्धतीने निघतो. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणाला गिरणीत व्हाइट लिकर म्हणतात. डायजेस्टर नावाच्या उंच पात्रात त्यात लाकडाच्या किंवा बांबूच्या चिपा सुमारे १७० अंश सेल्सिअसला शिजतात.

कागदाला बळ देणारं हेच सल्फाइड पात्राच्या भिंतीला मारक ठरतं. निव्वळ कॉस्टिकमध्ये लोखंडावर मॅग्नेटाइटचा बऱ्यापैकी सलग थर तयार होतो. सल्फाइड असलं की त्या थरात गंधक शिरतं, थर सच्छिद्र होतो आणि लोखंड विरघळत राहतं. त्यात लिकरला हवा लागली तर सल्फाइडचं थायोसल्फेट होतं, आणि ते गंजाला आणखी चालना देतं. पॉलिसल्फाइडचं वागणं तर चकवणारं आहे. पुरेशा प्रमाणात असेल तर ते पोलादाला संरक्षक अवस्थेत ढकलू शकतं, पण अर्धवट प्रमाणात झीज वाढवतं. म्हणून ‘सामू ठीक आहे’ हे वाक्य अशा ठिकाणी पुरेसं नाही. गंधक कोणत्या रूपात आणि किती आहे, हे त्या आकड्यातून कळतच नाही.

झीज निदान जाडी मोजून कळते. भेग तशी कळत नाही. १९८० मध्ये अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या पाइन हिल इथल्या डायजेस्टरचा वरचा भाग निकामी झाला, तो ताण आणि कॉस्टिक यांनी मिळून पाडलेल्या भेगांमुळे. मग इतर गिरण्यांत तपासण्या झाल्या, तेव्हा तिथल्या अनेक डायजेस्टरच्या वेल्डिंगमध्येही भेगा सापडल्या.

त्याहून भीषण घटना २३ जुलै १९८४ ची, शिकागोजवळच्या रोमियोव्हिलमधली. युनियन ऑइलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात १८.८ मीटर उंचीचा एक मनोरा होता. प्रोपेन-ब्युटेन वायूतला हायड्रोजन सल्फाइड काढून घेण्यासाठी त्यात मोनोइथॅनॉलअमाइनचं आम्लारीधर्मी द्रावण फिरत असे. तापमान जेमतेम ३८ अंश, भिंत २५ मिलिमीटर जाड. एका कामगाराला आडव्या भेगेतून वायू गळताना दिसला. तो झडप बंद करू लागला तोवर भेग लांबत गेली. अग्निशमन दल पोहोचत होतं, तेवढ्यात मनोरा फुटला. वरचा १४ मीटरचा तुकडा सुमारे एक किलोमीटर दूर जाऊन पडला. १७ माणसं गेली, त्यांत आग विझवायला आलेलेही होते.

अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने तपास केला. १९७४ मध्ये मनोऱ्याचा एक गोल पट्टा जागेवरच बदलला होता आणि वेल्डिंगनंतर स्ट्रेस रिलीव्हिंग, म्हणजे सांधा तापवून ताण काढण्याची प्रक्रिया, केली नव्हती. त्यामुळे सांध्यालगतचं पोलाद कठीण राहिलं. गंजताना पृष्ठभागावर हायड्रोजनचे अणू सुटतात. एरवी त्यातले बरेचसे जोडीने वायू होऊन निघून जातात, पण सल्फाइड ही जोडी जमू देत नाही. मग सुटे अणू पोलादात शिरतात आणि कठीण भाग ठिसूळ होतो. फुटण्याआधीच भेग भिंतीच्या ९० टक्क्यांहून अधिक जाडी चिरून गेली होती.

दुरुस्तीतल्या एका वगळलेल्या पायरीने दहा वर्षांनी १७ जीव घेतले, हे मन अस्वस्थ करणारं आहे. शटडाऊनमध्ये एकेक दिवस मोजला जातो आणि स्ट्रेस रिलीव्हिंग हा वेळखाऊ खर्च वाटतो, हे समजण्यासारखं आहे. पण सल्फाइड हाताळणाऱ्या पात्रावर ती सवलत कोणीही मागू नये आणि कोणीही देऊ नये. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने अमाइन संयंत्रांतल्या भेगा टाळण्यासाठी वेगळी मार्गदर्शिका काढली ती १९९० मध्ये, म्हणजे या स्फोटानंतर सहा वर्षांनी.

हा विषय महाराष्ट्राला परका नाही. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरला कागद गिरणी आहे, मुंबईत माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. अशा प्रत्येक ठिकाणी जाडीच्या नोंदींबरोबर वेल्डिंगच्या सांध्यांची चुंबकीय कणांनी केलेली भेग-तपासणी वहीत असावी. जागेवर झालेली प्रत्येक दुरुस्ती, तिची तारीख आणि तेव्हा सांधा तापवला होता की नाही, हेही तिथेच लिहिलेलं असावं. पुढच्या पाळीतला किंवा पुढच्या पिढीतला अभियंता ती वही उघडेल, तेव्हा कुठला सांधा आधी तपासायचा हे त्याला पहिल्याच पानावर दिसायला हवं.