एकाच गिऱ्हाईकाचा उंबरठा

परवा नगरच्या औद्योगिक वसाहतीत मामेभावाच्या वर्कशॉपवर गेलो होतो. २०२४ मध्ये नगरचे अहिल्यानगर झाले, पण त्याच्या चलनबुकावर अजून जुनेच नाव आहे. चार लेथ, नऊ कामगार. काम भरपूर, तरीही पगाराच्या आदल्या दिवशी वहिनींच्या बांगड्या पतसंस्थेत गहाण पडल्या होत्या. एका मोठ्या कारखान्याने चार महिन्यांची बिले थकवलेली, आणि याचे सारे काम त्या एकाच कारखान्याचे. "पैसे मागितले तर काम जाईल रे," तो म्हणाला.

नगरकरांना हा धडा नवा नाही. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकची लूना रस्त्यावर आली आणि मास्तरांपासून दूधवाल्यांपर्यंत साऱ्यांच्या दारात उभी राहिली. पुढे गिऱ्हाईक मोटारसायकलीकडे वळले, लूना थांबली. कंपनी वाहनांच्या सुट्या भागांकडे वळली. एवढ्या मोठ्या घराला एका मालावर विसंबता आले नाही, तर चार लेथवाल्याने एका गिऱ्हाईकावर का विसंबावे?

कायदा त्याच्या बाजूने आहे. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत चुकते व्हायला हवे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदत टळलेल्या बिलाची प्राप्तिकरातील वजावटही खरेदीदाराला ते प्रत्यक्ष फेडल्याच्या वर्षीच मिळते. म्हणून उद्यम नोंदणी करावी, तिचा क्रमांक बिलावर छापावा, माल पोचल्याची सही-तारीख जपावी.

पण कायद्यावर बोट ठेवायला बळ लागते, आणि ते दुसऱ्या गिऱ्हाईकातून येते. ते शोधायला मालकाने बाहेर पडावे लागते. इथेच घोडे पेंड खाते. वर्कशॉपमधला सर्वांत चांगला कारागीर मालकच असतो. त्याला वाटते, आपण हललो की माल बिघडला. मग वीस वर्षे तो स्वतःच्याच लेथवरचा कामगार राहतो.

मी त्याला एवढेच म्हटले, "आठवड्यातला एक दिवस मायक्रोमीटर जुन्या मिस्त्रीच्या हाती दे."

गेल्या गुरुवारी तो सुप्याला चार कारखान्यांत जाऊन आला. तिघांनी चहा पाजून वाटेला लावले, एकाने नमुना मागितला. मागे मिस्त्रीच्या हातून दोन नग रद्द झाले. बांगड्या अजून सुटलेल्या नाहीत. पण येत्या गुरुवारी तो नमुना घेऊन पुन्हा जाणार आहे.