चाचणी आधी रुग्णाची, मग घरच्यांची

स्वादुपिंडाचा कर्करोग उशिरा कळतो. जठराच्या मागे दडलेल्या या अवयवात गाठ वाढत असताना बराच काळ काही दुखत-खुपत नाही. कावीळ, पाठीपर्यंत जाणारी पोटदुखी, उतरत जाणारे वजन किंवा पन्नाशीनंतर अचानक उद्भवलेला मधुमेह ही लक्षणे दिसेपर्यंत बहुतेकांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या आजाराचे निदान २०१८च्या सुरुवातीला झाले. मुंबई, न्यूयॉर्क आणि दिल्ली येथे उपचार होऊनही १७ मार्च २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. अमेरिकेतही निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आहे.

अशा आजाराची धास्ती वाटणारच, आणि त्या धास्तीचा बाजारही असतो. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजांमध्ये ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून सीए १९-९ ही रक्तचाचणी सर्रास घातलेली दिसते. ही चाचणी निदान झालेल्या रुग्णावर उपचार कितपत लागू पडत आहेत हे पाहण्यासाठी उपयोगी आहे. निरोगी माणसात कर्करोग हुडकण्यासाठी नाही. पित्ताच्या खड्याने नळी तुंबली तरी तिचा आकडा वाढतो. उलट शंभरातील पाच ते दहा जणांच्या शरीरात हा घटक तयारच होत नाही, त्यामुळे कर्करोग असूनही आकडा शांत राहतो.

आता रक्तात तरंगणारे गाठीचे डीएनए शोधणाऱ्या चाचण्या येत आहेत. त्या अधिक अचूक असतील, पण एक साधे गणित त्यांनाही चुकणार नाही. समजा, एक लाख लोकांत दहा जणांना हा कर्करोग आहे आणि चाचणी निरोगी माणसांपैकी शंभरात एकालाच चुकून ‘पॉझिटिव्ह’ ठरवते. तरीही दहा खऱ्या रुग्णांमागे सुमारे हजार निरोगी माणसे स्कॅन आणि बायोप्सीच्या रांगेत उभी राहतील. म्हणूनच अमेरिकेतील प्रतिबंधात्मक आरोग्यसेवांविषयी शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञगटाने, लक्षणे नसलेल्या प्रौढांची या कर्करोगासाठी सरसकट तपासणी करू नये, अशी भूमिका २०१९ मध्ये पुन्हा मांडली.

मग जनुकांच्या चाचणीचा उपयोग कोणाला? सर्वांत आधी, निदान झालेल्या रुग्णाला. येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. गाठीतल्या पेशींमध्ये घडलेले बदल वेगळे. सुमारे ९० टक्के गाठींत केरॅस हे जनुक बिघडलेले असते, पण तो बिघाड मुलांकडे जात नाही. जन्मतः प्रत्येक पेशीत असलेला, आई किंवा वडिलांकडून आलेला दोष वेगळा. साधारण पाच ते दहा टक्के रुग्णांत असा आनुवंशिक दोष सापडतो. त्यात ब्राका-१ आणि ब्राका-२ ही स्तनांच्या व अंडाशयाच्या कर्करोगामुळे परिचित झालेली जनुकेही आहेत.

हा दोष कळला तर उपचारांची दिशा बदलू शकते. अशा गाठींवर प्लॅटिनम गटातील औषधे अधिक परिणामकारक ठरतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पोलो’ चाचणीत, केमोथेरपीनंतर ओलापॅरिब घेणाऱ्या ब्राका-दोष असलेल्या रुग्णांत आजार ७.४ महिने आटोक्यात राहिला. औषधाविना हाच काळ ३.८ महिने होता. एकूण आयुष्य मात्र वाढले नाही, हेही रुग्णाला स्पष्ट सांगायला हवे.

माझ्या मते याहून मोठा लाभ घरच्यांचा आहे. रुग्णातला नेमका दोष कळला की भावंडांना आणि मुलांना तेवढ्याच एका दोषाची तपासणी पुरते. ज्यांच्यात तो सापडेल, त्यांची जोखीम पाहून एमआरआय किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफीने दरवर्षी देखरेख ठेवता येते. अशा देखरेखीत सापडलेल्या कर्करोगांत सुरुवातीच्या टप्प्यातले अधिक असल्याचे अमेरिकेतील अभ्यासांत दिसले आहे. बहिणीला किंवा मुलीला स्तनांच्या कर्करोगाबाबतही वेळीच सावध होता येते.

घराण्यात कोणाला कर्करोग नव्हता, म्हणून चाचणी नको, हा युक्तिवाद टिकत नाही. दोष असलेल्या अनेक रुग्णांना असा कौटुंबिक इतिहास नसतो. ब्राकाचा दोष पुरुषांमार्फत गाजावाजा न करता पुढच्या पिढीत जातो. म्हणूनच अमेरिकेतील कर्करोग उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे कौटुंबिक इतिहास न पाहता या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची आनुवंशिक चाचणी सुचवतात. आणि ती निदान होताच करायला हवी. हा आजार थांबून राहत नाही. रुग्ण गेला की घराला नेमके काय शोधायचे, हे सांगणारा सर्वांत महत्त्वाचा नमुनाही जातो.

अडचणी खऱ्या आहेत. जनुकीय माहितीचे साठे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांचे असल्याने आपल्याकडच्या अहवालांत ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा अधिक वेळा येतो. अशा शेऱ्यावरून कोणतीही शस्त्रक्रिया करू नये. मुलीच्या लग्नात अडचण येईल, या भीतीने अहवाल कपाटात ठेवणारी घरेही असतात. त्यामुळे नुसता कागद हाती देऊन भागणार नाही, सोबत जनुकीय समुपदेशक हवा. सरकारी योजनांनी केमोथेरपीबरोबर ही चाचणी आणि समुपदेशन यांनाही पक्की जागा द्यावी.

तोवर ज्यांच्या घरी हे निदान झाले आहे, त्यांनी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारावे : आनुवंशिक चाचणीसाठी रक्त आजच देता येईल का?