सोडून दिलेल्या माशाचा हिशोब



सॅमन म्हटलं की आपल्याला आठवतो साडीचा रंग. पण ज्यांची मुलं सिएटल, पोर्टलंड, व्हँकुव्हर या भागात आहेत, त्यांच्या घरी आता सॅमन मासाही माहीत झाला आहे. तिकडचा उन्हाळा आला की फोटो येतात. ऑफिसची सहल, भाड्याची बोट, दोन्ही हातांत आडवा धरलेला चकचकीत मासा आणि खाली एक ओळ: "काळजी नको, खाल्ला नाही, सोडून दिला." त्याखाली आपल्याच नात्यातल्या माणसांचे अंगठे आणि टाळ्या.

आज लिहायला बसले आहे ते या "सोडून दिला"बद्दल. पोट भरण्यासाठी मासा धरणारा आणि मजेसाठी धरून सोडणारा, यांतला दुसरा निर्दोष आहे असा समज आपल्या घरांत रुजू लागला आहे. तो साफ चुकीचा आहे. पहिल्याकडे निदान भुकेचं कारण तरी आहे. दुसऱ्याकडे तेही नाही.

आधी तिथे होतं काय ते पाहू. "फिशिंगला गेलो होतो" एवढ्या गुळगुळीत वाक्यात काय काय झाकलं जातं हे कळल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या नदीकडे परततो. गोड्या पाण्यात शिरला की तो खाणं सोडतो. पॅसिफिकच्या बाजूचे चिनूक, कोहो वगैरे सॅमन तर अंडी घालून झाली की मरतात. म्हणजे त्याला खरी भूक असते ती खाऱ्या पाण्यात, नदी गाठण्याआधी. आमिषाचा सगळा डाव मांडलेला आहे तो या शेवटच्या भुकेवर.

जुनी आणि आजही मानाची पद्धत हेरिंग माशाची. हेरिंग हे चिनूकचं आवडतं अन्न. वीतभर लांबीचा हेरिंग घ्यायचा, मिठाच्या पाण्यात ठेवून घट्ट करायचा, डोकं तिरप्या कापाने उडवायचं, आतडी ओढून काढायची आणि दोन गळ टोचायचे. काप तिरपाच हवा, कारण त्यामुळे तो तुकडा पाण्यात गोल गोल फिरतो आणि जखमी, लंगडणाऱ्या माशासारखा दिसतो. खवले निघता कामा नयेत, नाहीतर चमक जाते. तुकडा फाटला किंवा मऊ पडला की फेकून नवा लावायचा. थोडं शिसं बांधून हे आमिष खोल सोडायचं, होडी प्रवाहावर वाहू द्यायची आणि दोर हळूहळू वर-खाली करायचा. या प्रकाराला तिकडे "मूचिंग" म्हणतात. काहीजण मेलेल्या हेरिंगऐवजी जिवंत हेरिंगलाच गळ टोचून पाण्यात सोडतात.

दुसरी पद्धत "ट्रोलिंग". मोबाइलवरचं ट्रोलिंग आपल्याला माहीत आहे. हे त्याच्या कितीतरी आधीचं. होडी आपल्या चालण्याच्या वेगाने, ताशी चार-पाच किलोमीटरने, चालवत राहायची आणि मागे आमिष ओढत न्यायचं. आमिष खोल राहावं म्हणून पाच-सात किलोचा शिशाचा गोळा तारेने खाली सोडतात. दोर त्याला चिमट्याने अडकवलेला असतो. मासा लागला की दोर सुटतो. आमिषाच्या पुढे फूटभर लांबीची चकचकीत पट्टी बांधतात, तिला "फ्लॅशर" म्हणतात. ती फिरताना जी चमक मारते ती दुसरा सॅमन शिकारीवर तुटून पडल्यासारखी दिसते. म्हणजे "तुझे भाऊबंद जेवत आहेत, तूही ये" असं खोटं निमंत्रण.

आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखलं आहे. फसलेल्या माणसाला आपण "गळाला लागला" म्हणतो. लबाडाने "आमिष दाखवलं" म्हणतो. आमिष या शब्दाचा मूळ अर्थ मांस. आपल्या आहाराला "निरामिष" म्हणतात ते त्यावरूनच. आमिष खात नाही म्हणणाऱ्या घरातला मुलगा आमिष लावायला बसतो, हे निदान शब्दाच्या पातळीवर तरी खटकायला हवं. क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांतली माया म्हणजे हेच कपट. इथे हिंसेच्या आधी मायाचार आहे, आणि तोच या खेळाचा आनंद आहे.

"पण ही तिथली परंपरा आहे" असं एक उत्तर येतं. परंपरा आहे, खरीच. व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर नूटका साउंड इथे १८०३ ते १८०५ या काळात जॉन ज्युइट नावाचा इंग्रज तरुण तिथल्या आदिवासींच्या कैदेत होता. त्याने लिहून ठेवलं आहे की एकटा माणूस लहान होडीत बसतो, गळाला छोटा मासा लावतो आणि दोर वल्ह्याला बांधतो. वल्हं मारलं की आमिष हलत राहतं. त्या किनाऱ्यावर समुद्री वनस्पतीचे लांब देठ भिजवून, ताणून त्यांचे दोर करत. वर्षातला पहिला सॅमन आला की अनेक जमाती विधी करत आणि त्याची हाडं आदराने पाण्यात परत सोडत. त्यांचं आयुष्यच त्या माशावर उभं होतं. त्यांचा मार्ग आपला नव्हे, पण त्यांना नावं ठेवायला मी बसलेले नाही. आपल्या कोकणातल्या कोळी बांधवांनाही नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की फ्रिज भरलेला असताना शनिवारी चार तास मजा म्हणून जाणाऱ्या आपल्या मुलाने त्यांची परंपरा उसनी का घ्यावी? त्यांची गरज त्याच्याकडे नाही आणि त्यांचा आदरही नाही.

आता हिशोब. मी बी.कॉम. झालेली बाई, त्यामुळे नावे आणि जमा दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"सोडून दिला" ही जमेची एकच नोंद फोटोत दिसते. नावे बाजूला पहिली नोंद हेरिंगची. एक सॅमन लागेपर्यंत किती तुकडे फाटले आणि फेकले, ते कुणी मोजत नाही. त्यांचा फोटोही निघत नाही. ते तर कुणी सोडून दिले नाहीत ना?

दुसरी नोंद सुटलेल्या सॅमनचीच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीचे नियम ठरवणारी अधिकृत परिषद हौशी मासेमारीचा हिशोब मांडताना सोडून दिलेल्या चिनूकपैकी, किनाऱ्याच्या बहुतेक उत्तर भागात, १४ टक्के मेले असं धरते. सोडलेले १००, मेलेले १४. हा आकडा काही अहिंसावाद्यांनी काढलेला नाही, मासेमारी चालू ठेवणाऱ्यांनीच मान्य केलेला आहे. मूचिंगमध्ये तर मासा वाहतं आमिष निवांत गिळतो आणि गळ घशात, पोटात रुततो. म्हणून कॅलिफोर्नियाने मोठ्या पट्ट्यात अशा मासेमारीला आत वळलेला, गोल गळच वापरण्याचा नियम केला. वॉशिंग्टन राज्याच्या समुद्रात जो सॅमन ठेवायला परवानगी नाही तो होडीत वर घेण्यालाच बंदी आहे, कारण हाताळताना त्याचे खवले आणि अंगावरचा चिकट थर निघतो. दमून सुटलेला मासा तिथेच टपलेल्या सीलच्या तोंडी जातो तो वेगळाच. आपल्या मुलाने "सोडला" म्हणून लिहिलं त्यानंतर काय झालं, ते त्याला दिसलेलं नसतं.

तिसरी नोंद त्या समुद्राची. सिएटलजवळच्या प्युजेट साउंडमधला चिनूक १९९९ पासून अमेरिकेच्या कायद्याने धोक्यातल्या जीवांच्या यादीत आहे. त्यावर जगणारे तिथले ओर्का आज ऐंशीही उरलेले नाहीत. त्यांच्यातल्या एका आईने २०१८ साली आपलं मेलेलं पिल्लू १७ दिवस डोक्यावर तोलत पाण्यातून वाहून नेलं, ते जगाने पाहिलं. धरणं, तुटलेली जंगलं, बिघडलेल्या नद्या ही चिनूक घटण्याची मोठी कारणं आहेत, हौशी गळ हे लहान कारण. पण लहान खर्चही खर्चातच लिहायचा असतो.

आता शास्त्राकडे वळू. गृहस्थाला हिंसा पूर्ण टळत नाही हे आपल्या आचार्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी चार प्रकार सांगितले: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. चुलीपाशी, शेतात, धंद्यात, स्वतःच्या रक्षणात जे घडतं ते कमीत कमी ठेवायचं. पण संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून केलेली, तिचा श्रावकाने त्यागच करायचा. तेव्हा "आई, तुमच्या भाजी चिरण्यातही हिंसा आहेच की" असं मुलगा म्हणाला तर त्याला सांगा, माझी भाजी पहिल्या रकान्यात आहे आणि तुझा गळ चौथ्या.

आणि ज्यातून काहीच साधत नाही, अशा पापाला स्वतंत्र नाव आहे, अनर्थदंड. खायचा नाही, विकायचा नाही, फक्त तोंडात गळ रुतवून ओढायचा आणि सोडायचा. अनर्थदंडाचं याहून सोपं उदाहरण पाठशाळेत मुलांना देता येणार नाही. त्याच्या पाच प्रकारांत एक आहे हिंसादान, हिंसेचं साधन दुसऱ्याला देणं. जावयाच्या वाढदिवसाला, नातवाच्या सुट्टीला फिशिंग रॉड भेट देणाऱ्यांनी हा शब्द लक्षात ठेवावा.

काही हुशार मुलं म्हणतात, "आम्ही हेरिंग लावतच नाही, प्लॅस्टिकचं आमिष लावतो." हेरिंग वाचले, ते चांगलंच झालं. पण ज्याला फसवायचं तो सॅमन तर खराच आहे. शिवाय यशोधर राजाची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्याने बळी दिला तो पिठाच्या कोंबड्याचा. कोंबडा पिठाचा होता, पण संकल्प मारण्याचा होता, आणि त्याला व त्याच्या आईला किती भव भोगावे लागले! तिथे तर समोर जीवही नव्हता. इथे आहे.

दुसरे म्हणतात, "मृगसेन धीवरानेही मासा सोडलाच होता." हा मुद्दा मला आवडतो, कारण निदान कथा तरी वाचलेली असते. मृगसेन कोळी होता, रोजचं पोट जाळ्यावर होतं. जाळ्यात येणारा पहिला मासा सोडण्याचा नियम त्याने मुनिराजांकडून घेतला. खूण बांधून सोडलेला तोच मासा पाच वेळा आला आणि पाचही वेळा त्याने सोडला. रिकाम्या हाताने घरी गेला, पण नियम मोडला नाही. पुढच्या भवात तो पाच वेळा मरणातून वाचला. आता दोघांची तुलना करा. मृगसेन मारत होता, तो एक पायरी अहिंसेकडे आला. आपला मुलगा मारत नव्हता, तो एक पायरी हिंसेकडे गेला. दोघे एकाच पायरीवर दिसतात म्हणून त्यांची दिशा एक होत नाही. मृगसेनाला सोडण्यात आपली भाकरी गमवावी लागली. याला सोडण्यात काहीच गमवावं लागत नाही, कारण मजा आधीच वसूल झालेली असते.

शेवटचं उत्तर, "माशाला दुखत नाही." आपल्याला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. मासा पंचेंद्रिय जीव आहे. तरी ज्यांना विज्ञान हवं त्यांच्यासाठी सांगते. २००३ साली स्कॉटलंडमध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशाच्या तोंडाभोवती वेदना टिपणारे मज्जातंतू दाखवून दिले. हा मासा पॅसिफिक सॅमनच्याच कुळातला. ओठात आम्ल टोचल्यावर ते मासे ओठ खड्यांवर घासत होते आणि बराच वेळ खात नव्हते. तो प्रयोगही मला क्रूरच वाटतो. काही शास्त्रज्ञ "याला वेदना म्हणू नका" असं अजून म्हणतात. पण गळ नेमका तोंडातच रुततो. शंका असेल तेव्हा जीव वाचेल त्या बाजूला झुकायचं, हे आपण पाणी गाळताना रोज करतोच.

मैत्रिणींनो, मुलं तिकडे एकटी असतात, ऑफिसमधले सगळे जातात, नाही म्हणणं अवघड जातं, हे मला समजतं. त्यांच्यावर ओरडून उपयोग नाही. पण तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, फोटोखाली अंगठा देऊ नका. कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हींचा बंध होतो हे आपण रोज म्हणतो. इथे अनुमोदनेला एक बोट पुरतं.

दुसरी, रॉड, आमिष, परवाना यांचा खर्च घरातून करू नका आणि भेटही देऊ नका.

तिसरी, दुसरा रस्ता दाखवा. सिएटलला बॅलार्ड लॉक्स इथे माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट बांधलेली आहे आणि तिला काचेच्या खिडक्या आहेत. उन्हाळ्यापासून पानगळीपर्यंत समुद्रातून परतणारे सॅमन त्या काचेपलीकडे प्रवाहाविरुद्ध चढताना दिसतात. तिकीट नाही, गळ नाही. नातवंडांना घेऊन तिथे जा म्हणावं. अन्न सोडून आपल्या नदीकडे निघालेला तो जीव त्यांना डोळ्यांनी पाहू द्या, आणि फोटो तिथला पाठवू द्या. त्या फोटोवर मी सगळ्यात आधी टाळ्या वाजवीन.